इशारा आणि इजा: गच्चीवरील औषधी झाडांना अतिनील किरण किती आणि केव्हा द्यावेत

इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घराच्या निम्म्या गच्चीवर, पावसाचा बंदोबस्त आणि कपडे वाळत घालण्याची सोय म्हणून, पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे बसवले तेव्हा कृष्ण तुळशीच्या दोन कुंड्या योगायोगाने वेगळ्या झाल्या. एक पत्र्याखाली गेली आणि दुसरी कठड्याजवळ उघड्यावर राहिली. दोन्ही रोपे एकाच झाडाच्या मंजिऱ्यांतून उगवलेली होती. दोन महिन्यांनी पत्र्याखालची तुळस वीतभर उंच झाली होती, तिची पाने रुंद, मऊ आणि हिरवीगार होती आणि खोडसुद्धा हिरवेच राहिले होते. उघड्यावरची तुळस मात्र बुटकी आणि फांद्यांनी दाटलेली होती. तिची पाने लहान आणि जाडसर, तर देठ आणि पानांमागच्या शिरा गडद जांभळ्या झाल्या होत्या. शेजारच्या काकू पूजेसाठी पत्र्याखालची पाने घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "अहो, ही तुळस दिसायला छान आहे, पण हिला वास कुठे आहे?"

पॉलिकार्बोनेटमधून डोळ्यांना दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी आत येतो, परंतु अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवले जातात. तेवढ्यावरून "अतिनील किरण मिळाले नाहीत म्हणून वास गेला" असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला झाला होता, आणि तो चुकीचा नसला तरी अपुरा होता. पत्र्याखाली उष्णता अधिक असते, वारा कमी असतो आणि दृश्य प्रकाशही थोडा घटतो; या सगळ्यांचा परिणाम पानांवर होतो. त्यामुळे अतिनील किरणांचा वाटा नेमका किती, तो वेगळा कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी झाडाच्या आत काय घडते ते

सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन भाग केले जातात. १०० ते २८० नॅनोमीटरचे यूव्ही-सी किरण वातावरणातच शोषले जातात आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्ही-बी किरण ओझोनच्या थरातून थोडेसे निसटून खाली येतात आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए किरण मोठ्या प्रमाणात येतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या एकूण अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्ही-ए असतात. उरलेला यूव्ही-बीचा वाटा लहान असला तरी त्यातील प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा जास्त असते, आणि आपल्या विषयात खरी हालचाल तोच वाटा घडवून आणतो.

झाडाकडे यूव्ही-बी ओळखणारे स्वतंत्र प्रथिन असते, ज्याला यूव्हीआर-८ म्हणतात. ते यूव्ही-बीचे ग्राही आहे हे २०११ साली सिद्ध झाले. एरवी हे प्रथिन जोडीने राहते. त्यातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने यूव्ही-बी शोषताच जोडी सुटते, सुटा झालेला भाग दुसऱ्या प्रथिनांना धरतो आणि त्यातून पेशीकेंद्रातील काही जनुके कामाला लागतात. चाल्कोन सिंथेज हे विकर तयार करणारे जनुक त्यांपैकी महत्त्वाचे, कारण फ्लॅव्होनॉइड गटातील संयुगांची वाट या विकरापासून सुरू होते. क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल या फ्लॅव्होनॉइडांची शर्करायुक्त रूपे पानाच्या बाहेरच्या थरात साठतात, अतिनील किरण तिथेच शोषून घेतात आणि आतल्या हरितद्रव्यापर्यंत दृश्य प्रकाश मात्र बिनदिक्कत जाऊ देतात. क्वेर्सेटिन शिवाय पेशीत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजनरूपांनाही आवर घालते, म्हणजे ते एकाच वेळी छत्रीही असते आणि अग्निशामकही. तुळशीतील युजेनॉल आणि रोझमॅरिनिक आम्ल ही फ्लॅव्होनॉइडे नव्हेत, पण तीही फेनिलअलानिन या अमिनो आम्लापासून निघणाऱ्या त्याच मोठ्या वाटेच्या दुसऱ्या फाट्यांवर बनतात. तुळशीच्याच कुळातील सब्जाच्या झाडाबाबत तर असे आढळले आहे की यूव्ही-बी अजिबात न मिळाल्यास पानांवरील तेलाच्या ग्रंथी नीट भरतच नाहीत.

ही झाली इशाऱ्याची बाजू. किरणांची मात्रा वाढत गेली की इजेची बाजू सुरू होते. यूव्ही-बीमुळे डीएनएमधील शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटतात, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा दुखावते आणि झाडाची शक्ती वाढीऐवजी डागडुजीवर खर्च होऊ लागते. डीएनएमधील हे चिकटलेले सांधे सोडवणारे फोटोलायेज हे विकर निळ्या आणि यूव्ही-ए प्रकाशावर चालते, म्हणून भरपूर सूर्यप्रकाशासोबत आलेले यूव्ही-बी झाड सहन करते आणि तेवढेच यूव्ही-बी अंधाऱ्या खोलीतील दिव्याने दिले तर सहन करू शकत नाही. इशारा मिळावा आणि इजा होऊ नये, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. संरक्षक द्रव्ये बनवणे हा झाडाचा खर्च असतो आणि तो खर्च आपण कापणीच्या थोडा आधी करायला लावायचा असतो; रोप लहान असताना नव्हे.

पहिली पायरी: इंदूरचे ऊन घड्याळाने नव्हे, सावलीने मोजणे

इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. कर्कवृत्त आपल्या थोडे उत्तरेला, उज्जैनच्या बाजूला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, जून आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांच्या आसपास, बरोबर डोक्यावरून जातो. दुसरीकडे डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून ४४ अंशांपेक्षा वर चढत नाही.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि इंदूर ७५.९ अंशांवर आहे, म्हणून आपली खरी माध्यान्ह घड्याळातल्या बारा वाजता होत नाही. ती सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी होते आणि वर्षभरात साधारण १२.१० ते १२.४० या दरम्यान सरकते. यूव्ही-बी माध्यान्हीभोवती एकवटलेले असते, कारण तिरप्या किरणांना ओझोनमधून लांबचा प्रवास करावा लागतो. "अकरा ते एक झाडे झाकली" असे म्हणणाऱ्या माणसाने त्यामुळे दुपारचा तीव्र भाग उघडाच ठेवलेला असतो. साडेदहा ते अडीच हा पट्टा धरणे अधिक योग्य.

याहून सोपी पद्धत म्हणजे कुंडीशेजारी एक फूट उंचीची काठी उभी रोवावी. काठीची सावली एक फुटाहून आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि यूव्ही-बी जोरात आहे असे समजावे. सावली लांब असेल तर काळजीचे कारण नाही. या हिशेबाने डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात इंदूरमध्ये काठीची सावली दिवसभरात एकदाही एक फुटाच्या आत येत नाही, तर मे महिन्यात दुपारी ती जवळजवळ नाहीशीच होते. मोबाइलवर दिसणारा यूव्ही निर्देशांक हवा असल्यास जरूर पाहावा; ११ आणि त्यापुढचा आकडा अतितीव्र मानला जातो आणि निरभ्र एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो सहज दिसतो. मात्र तो निर्देशांक माणसाच्या त्वचेसाठी बेतलेला आहे, तुळशीच्या पानासाठी नव्हे.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. यूव्ही-बी हवेत इतके विखुरते की निरभ्र दिवशीही त्याचा मोठा वाटा थेट सूर्याकडून न येता सगळ्या आकाशातून येतो. भिंतीच्या सावलीत ठेवलेल्या पण वर मोकळे आकाश असलेल्या कुंडीला म्हणूनच यूव्ही-बी मिळतच असते. खिडकीच्या काचेआडच्या कुंडीला मात्र ते मिळत नाही, कारण साधी काच यूव्ही-बी जवळजवळ पूर्ण अडवते आणि यूव्ही-ए बरेचसे आत सोडते.

दुसरी पायरी: झाडाची निवड

पानांसाठी लावलेली आणि वासाची झाडे या कामाला सर्वांत योग्य. तुळस, पुदिना, सब्जा आणि पानओवा यांच्यात बदल लवकर आणि डोळ्यांना दिसेल असा होतो. कृष्ण तुळस शिकाऊ माणसासाठी उत्तम, कारण तिचा जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन, प्रकाश वाढला की गडद होतो आणि सावलीत फिका पडतो; झाड आपला हिशेब रंगात लिहून दाखवते.

ब्राह्मी मुळात ओलाव्यात आणि सौम्य प्रकाशात सुखाने राहणारी आहे, तिला या फंदात पाडू नये. कोरफड कडक उन्हात लालसर-तपकिरी होते आणि आक्रसते; ती मरत नाही, पण तिचा गर कमी भरतो आणि गरासाठीच तर आपण ती लावतो. सदाफुलीतील अल्कलॉइडांवर अतिनील किरणांचा परिणाम प्रयोगशाळांत पुष्कळ अभ्यासला गेला आहे, परंतु ती द्रव्ये विषारी आहेत आणि तिचा घरगुती वापर करू नये, एवढे सांगून मी ती बाजूला ठेवतो.

अश्वगंधेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्या माळव्यात, विशेषतः नीमच आणि मंदसौर जिल्ह्यांत, तिची मोठी शेती होते आणि नीमचची मंडी त्या मुळांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यावर जादा यूव्ही-बी दिल्यास पानांतील संरक्षक द्रव्ये वाढल्याची निरीक्षणे आहेत, परंतु बाजारात विकले जाते ते मूळ, आणि मूळ जमिनीत असते. पानाने उन्हाविरुद्ध उभारलेली फळी जशीच्या तशी मुळात उतरेल असे गृहीत धरता येत नाही. उलट वाढ खुंटली तर मूळच बारीक राहते. मुळांसाठी लावलेल्या झाडाला मुद्दाम ताण देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: माती आणि खत

माळव्याची काळी माती कुंडीत एकटी वापरली तर पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग मुरलेले कंपोस्ट असे मिश्रण मला मानवले आहे. कंपोस्टच्या बाबतीत तर आपण मूळ गावीच बसलो आहोत: ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत काम करताना जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

खताचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. नत्र भरपूर मिळाले की झाड पाने वाढवण्याच्या मागे लागते आणि फेनॉल गटातील द्रव्ये (फ्लॅव्होनॉइडे, युजेनॉल, रोझमॅरिनिक आम्ल ही त्यातलीच) कमी पडतात. युरिया टाकून वाढवलेली तुळस दिसायला जोमदार पण वासाला बेताची असते, त्याचे कारण हेच. म्हणून रोप लावताना कंपोस्ट द्यावे, वाढीच्या काळात एखाद्दुसरी पातळ मात्रा द्यावी आणि कापणीच्या आधी तीन आठवडे नत्रयुक्त काहीही देऊ नये.

चौथी पायरी: नर्सरीतून आणलेले रोप उन्हाला सरावणे

नर्सरीतील रोपे हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. ती घरी आणून सरळ उघड्या गच्चीवर ठेवली की दोन-तीन दिवसांत वरच्या पानांवर पांढुरके किंवा तांबूस, काचेसारखे चकाकणारे डाग पडतात. मी स्वतः एका एप्रिलमध्ये पुदिन्याची बारा रोपे अशी घालवली आणि दोष पाण्याला देत राहिलो. पाणी कमी पडल्यास पान आधी मलूल होऊन लोंबते आणि पाणी मिळताच उठते. उन्हाने भाजलेले पान ताठ राहते, डाग वरच्याच बाजूला असतात आणि एका पानाची सावली दुसऱ्यावर पडलेली असेल तर त्या सावलीची आकृती हिरवी शिल्लक राहते. कोळी या किडीचा उपद्रव असेल तर बारीक ठिपके आणि पानामागे जाळी दिसते. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले म्हणजे निम्मी चूक टळते.

सरावाचा क्रम साधारण दोन आठवड्यांचा ठेवावा. पहिले तीन दिवस सकाळी नऊपर्यंतचे ऊन, पुढचे तीन दिवस साडेदहापर्यंतचे, त्यानंतरचे तीन दिवस साडेअकरापर्यंतचे आणि शिवाय साडेतीननंतरचे, आणि मग हळूहळू पूर्ण दिवस. हा पूर्ण दिवस ऑक्टोबर ते मार्च या काळापुरता. एप्रिल-मेमध्ये साडेदहा ते साडेतीन या वेळात ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मे ऊन अडवणारी, जाळी असावीच, कारण ४० अंशांपुढे उष्णतेचा ताण इतका प्रबळ होतो की अतिनील किरणांच्या इशाऱ्याला काही अर्थ उरत नाही. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या आहेत, पण सिमेंटच्या गच्चीला ते ठाऊक नसते. ती रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात.

सावलीत पूर्ण वाढलेले पान उन्हाशी फारसे जुळवून घेऊ शकत नाही. जुळवून घेते ते नव्याने फुटणारे पान, आणि ते सुरुवातीपासूनच लहान, जाड आणि संरक्षक द्रव्यांनी भरलेले येते. म्हणून सराव चालू असताना जुनी पाने खराब दिसली तरी घाबरू नये, शेंड्याकडे लक्ष ठेवावे.

पाचवी पायरी: अतिनील किरणांचा वाटा वेगळा काढणे

हा या लेखातील सर्वांत रंजक भाग आहे आणि त्यासाठी लागणारे साहित्य स्टेशनरीच्या दुकानात आणि पॉलिथिन विक्रेत्याकडे मिळते. पारदर्शक पॉलिएस्टरची शीट सुमारे ३१५ नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवते, म्हणजे यूव्ही-बी थांबवते आणि यूव्ही-ए व दृश्य प्रकाश जाऊ देते. साधे पारदर्शक पॉलिथिन मात्र यूव्ही-बीसुद्धा जाऊ देते. दोन सारख्या चौकटी करून एकीवर पॉलिएस्टर आणि दुसरीवर पॉलिथिन ताणले, तर दोन्हींखाली ऊब, वारा आणि उजेड जवळपास सारखे राहतात आणि मुख्य फरक उरतो तो यूव्ही-बीचा. आमच्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याने जो गोंधळ केला होता तो इथे टळतो.

खरेदी करताना दोन गोष्टींची खात्री करावी. ओएचपीसाठी (ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी) मिळणाऱ्या सगळ्याच शीट पॉलिएस्टरच्या नसतात. अ‍ॅसिटेटची शीट यूव्ही-बी सोडते, त्यामुळे ती घेतली तर प्रयोगच फसतो. तसेच पॉलिथिन घेताना हरितगृहासाठीचे "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" म्हणून विकले जाणारे घेऊ नये, कारण त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. साधे पॉलिथिन उन्हात लवकर ठिसूळ होते, ते महिन्याने बदलावे.

चौकट झाडांच्या शेंड्यांपासून वीत-दीड वीत वर असावी. वर सांगितल्याप्रमाणे यूव्ही-बी सगळ्या आकाशातून येत असल्याने नुसते छत पुरत नाही. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या बाजूंनी त्याच शीटची झालर सोडावी, मात्र खाली चार बोटे जागा वाऱ्यासाठी मोकळी ठेवावी. आपल्या रस्त्यांची धूळ दोन दिवसांत शीटवर बसते आणि ती स्वतःच एक गाळणी बनते, म्हणून दोन्ही शीट एकाच दिवशी, सारख्याच ओल्या फडक्याने पुसाव्यात.

झाड म्हणून पुदिना घ्यावा. बियांपासून आलेली तुळशीची रोपे भावंडांसारखी असतात, सारखी नसतात. पुदिन्याच्या एकाच जुडीतील काड्या खोचून वाढवलेली रोपे मात्र एकाच झाडाच्या प्रती असतात. प्रत्येक चौकटीखाली किमान सहा कुंड्या आणि सहा कुंड्या पूर्ण उघड्यावर, अशा अठरा कुंड्या पुरेशा होतात. प्रत्येकीला मापाने सारखे पाणी द्यावे, कारण पाण्याचा ताणही हीच द्रव्ये वाढवतो आणि मग कोणामुळे काय झाले ते कळत नाही. दर आठवड्याला चौकटीखालच्या कुंड्यांच्या जागा आपसात बदलाव्यात.

यासाठी योग्य काळ दोन. पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर आणि फेब्रुवारीअखेर ते मार्च. या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य ५३ अंशांच्या पुढे असतो, आकाश बहुधा मोकळे असते आणि मे महिन्याची होरपळ नसते. चौकट बसवण्याच्या दिवशी प्रत्येक रोपाच्या शेंड्याखाली सैलसर रंगीत दोरा बांधावा. तीन-चार आठवड्यांनी तपासणी करताना दोऱ्याच्या वरचीच पाने घ्यायची, कारण तीच शीटखाली जन्मलेली असतात. हा दोरा बांधायला मी पहिल्या वेळी विसरलो आणि महिन्याभराची मेहनत वाया गेली.

सहावी पायरी: पान वाचणे

आधी डोळ्यांनी आणि बोटांनी. यूव्ही-बी मिळालेल्या रोपांची पेरे आखूड, फांद्या जास्त, पाने लहान आणि जाड असतात, कधी कडा किंचित खाली वळलेल्या दिसतात. त्यानंतर घरगुती चाचणी. दोऱ्यावरची पाने एकाच दिवशी, एकाच वेळी तोडून सावलीत पूर्ण वाळवावीत, कारण ओल्या पानात पाणी किती आहे त्यावर तुलना बिघडते. सराफ्यात सोने तोलतात तशा बारीक काट्यावर प्रत्येक गटाची एक-एक ग्रॅम पाने मोजून, चुरून, ५० मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत आणि गाळावीत. स्पिरिटमध्ये काढलेला अर्क हिरवागार होतो आणि रंग ओळखू येत नाही. गरम पाण्यात हरितद्रव्य फारसे उतरत नाही, म्हणून या कामाला पाणीच बरे.

गाळलेल्या अर्काचे दोन वाटे करावेत. एकात धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचे थेंब टाकल्यास फ्लॅव्होनॉइडांमुळे पिवळा रंग गडद होतो. दुसऱ्यात फेरिक क्लोराइडचे अगदी पातळ, सुमारे एक टक्क्याचे द्रावण दोन थेंब टाकल्यास फेनॉल गटामुळे हिरवट, निळसर किंवा काळपट रंग येतो. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळते. ते हातांना आणि ओट्याला डाग पाडते, म्हणून हातमोजे घालावेत आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत. कृष्ण तुळस असल्यास लिंबू पिळलेल्या थंड पाण्यातील अर्क गुलाबी होतो, ते अँथोसायनिन. पेल्यांवर क्रमांक घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी टाकायला सांगावेत आणि कोणता कुठला ते रंगांचा क्रम लावून झाल्यावरच विचारावे. आपले डोळे आपल्या मनाच्या बाजूने साक्ष देतात.

या चाचण्या जास्त-कमी एवढेच सांगतात. आकडा हवा असेल तर फार्मसी किंवा जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने ७६५ नॅनोमीटरवर एकूण फेनॉल मोजतात, आणि तेलासाठी क्लेव्हेंजर उपकरणात ऊर्ध्वपातन करतात. फोलिनच्या चाचणीत क जीवनसत्त्व आणि काही शर्करा यांचीही भर पडते, म्हणून तो आकडा वेदवाक्य मानू नये.

टक्केवारी हाती आल्यावर लगेच आनंद मानण्याआधी एक गुणाकार करावा. समजा, सावलीतल्या पुदिन्याची वाळलेली पाने ४० ग्रॅम भरली आणि त्यात हवे ते द्रव्य १ टक्का आहे, तर एकूण द्रव्य ०.४० ग्रॅम झाले. उन्हातल्या झाडात तेच द्रव्य १.४ टक्के निघाले, पण पाने २५ ग्रॅमच भरली, तर एकूण ०.३५ ग्रॅम होते. टक्का वाढला आणि माल घटला. अतिनील किरणांविषयी उत्साहाने लिहिले जाते त्यात हा गुणाकार बहुतेक वेळा गाळलेला असतो.

सातवी पायरी: वाढ आधी, ताण शेवटी

गुणाकाराचा तोटा भरून काढण्याचा उपाय म्हणजे दोन टप्प्यांची पद्धत. पहिल्या टप्प्यात झाडाला सकाळ-संध्याकाळचे ऊन आणि दुपारी ३५ ते ५० टक्क्यांची जाळी देऊन पानांचा भार वाढू द्यावा. जाळी दृश्य प्रकाशासोबत अतिनील किरणही कमी करते. कापणीला दोन आठवडे उरले की जाळी रोज थोडी उशिरा लावत आणि थोडी लवकर काढत जावे, आणि शेवटचे सहा-सात दिवस ती पूर्ण काढून टाकावी. यूव्ही-बीचा इशारा मिळाल्यापासून काही तासांतच जनुके जागी होतात आणि द्रव्यांचा साठा पुढील दिवसांत वाढत जातो, म्हणून एवढा अवधी पुरतो. या काळात पाणी तोडू नये. पानांवर चकाकणारे डाग दिसू लागले तर इशाऱ्याची हद्द ओलांडली असे समजून दुपारची जाळी परत लावावी.

तुळशीच्या बाबतीत लागवडीनंतर साधारण ९० दिवसांनी, झाड पूर्ण फुलोऱ्यात असताना पहिली कापणी करतात. त्या तारखेपासून मागे मोजून जाळी काढण्याचा दिवस ठरवावा.

दिव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. बाजारात "यूव्ही" म्हणून मिळणारे स्वस्त जांभळे एलईडी बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात आणि त्यांचा यूव्ही-बीशी संबंध नसतो. निर्जंतुकीकरणाच्या २५४ नॅनोमीटरच्या नळ्या यूव्ही-सी देतात; त्या झाडांवर वापरणे म्हणजे निव्वळ इजा, आणि डोळ्यांना तर वेल्डिंगची ज्योत उघड्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी आग काही तासांनी सुरू होते. ज्या शहरात सूर्य डोक्यावरून जातो तिथे गच्चीवरच्या तुळशीसाठी असा दिवा विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

आठवी पायरी: कापणी आणि वाळवण

दव सुकल्यावर, पण ऊन चढण्याआधी कापणी करावी. उडून जाणारे तेल दुपारच्या उष्णतेत कमी होते. यानंतर मात्र अतिनील किरणांचा सगळा न्याय उलटतो. जिवंत पान इशाऱ्याला उत्तर देते. वाळत चाललेले पान देऊ शकत नाही आणि त्याच किरणांनी त्याचा रंग विटतो, वास उडतो आणि जमवलेली द्रव्ये मोडतात. पापड-कुरडया वाळवतो त्याच उन्हात तुळस पसरणाऱ्यांना माझी ही एकच विनंती आहे. पाने पातळ थरात, वाऱ्याच्या जागी, ४० अंशांपेक्षा कमी तापमानात आणि सावलीत वाळवावीत. देठ वाकवल्यावर कट्कन मोडला म्हणजे वाळवण पूर्ण झाली. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून, तारीख, वाळलेले वजन आणि जाळी किती दिवस काढली होती हे चिठ्ठीवर लिहून, बरणी बंद कपाटात ठेवावी. द्रव्ये वाढलेली पाने म्हणजे औषधाची वाढीव मात्रा हेही ध्यानात असावे. नेहमीची औषधे चालू असणाऱ्यांनी काढा घेण्याआधी वैद्याला विचारावे.

आमच्या गच्चीवरचे पॉलिकार्बोनेटचे पत्रे अजून तसेच आहेत. त्यांच्याखाली आता झाडे नसतात; तिथे दोन बाजूंनी वारा खेळेल असे सुती कापड बांधून, सुतळीच्या बाजेवर पाने वाळवतो. किरण अडवण्याचा त्या पत्र्याचा गुण तिथे बरोबर कामाला येतो आणि उष्णता वाढली की बाज कापडाच्या सावलीत आणखी फूटभर आत सरकवावी लागते.